कोंडलेली थंडी

थंडी विकत घेतली की ती कोंडून ठेवायची असते, अशी माझी समजूत होती. म्हणून घरात पहिला कुलर आला त्या उन्हाळ्यात मी घराची झाडून सगळी दारं आणि खिडक्या लावून घेतल्या. नुसत्या लावल्या असं नाही. फटींमध्ये जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, दाराखाली गोणपाटाची गुंडाळी सरकवली, आणि वर छताजवळ हवेसाठी ठेवलेलं एक भोक होतं, त्याला कणकेचा गोळा थापला. हो, कणकेचा. बाईच्या हाताशी जे असतं तेच ती वापरते. विकतची गार हवा, तिचा एक घोटसुद्धा गल्लीत सांडता कामा नये.

आणि गंमत म्हणजे महिनाभर आधी बचत गटाच्या बैठकीत 'घरात वीज कशी वाचवावी' यावर मी भाषण केलं होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही थोड्या वाजवल्या असतील.

तासाभरात भिंतींना घाम सुटला. पापड वातड झाले, मीठ पाझरलं, आगपेटीची काडी ओढावी तर तिचं गुलच गळून पडायचं. उशीवर डोकं ठेवलं तर नुकती धुऊन आणलेली वाटायची. कुलर म्हणजे तरी काय, ओल्या ताट्यांतून ओढलेला वारा. त्याला एका बाजूने यायला आणि दुसऱ्या बाजूने जायला वाट लागते. वाट नसली की तो घरातच मुक्काम ठोकतो आणि आंबतो. कोहमाऱ्याच्या बाजारातल्या दुकानदाराने हे मला दोनदा सांगितलं होतं. पण दुकानदार बोलतो तो माल खपवायला, असं समजणारी मी शहाणी बाई. तेव्हाची मी आज समोर आली तर तिला पाटावर बसवून, हातात पंखा देऊन म्हणेन, घे, हलव, आणि आणखी एक भाषण कर.

हे सगळं आज आठवायचं कारण माझी नात, जुई. यंदाही नवतपा लागला. वैशाख संपता संपता सूर्य नऊ दिवस असा काही वागतो, की जणू आपण त्याच्या शेताचा बांध कोरला आहे. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. नागझिऱ्याच्या बाजूने येणारा वारा आपल्यासोबत जंगलातला सगळा जाळ घेऊन येतो. मोहाची फुलं कधीच वेचून झालेली असतात, तरी उन्हात भाजलेल्या पाचोळ्यातून एक आंबूस गोड वास येत राहतो. अशात जुई गोंदियाहून सुट्टीला आली, आल्याआल्या कुलर लावला आणि धावत जाऊन स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लावली.

"जुई, उघड ती."

"आजी, थंडी बाहेर चालली ना पूरी!"

मला हसू आलं. आणि हसता हसता असा राग आला, की पोर घाबरली. तिला वाटलं, आजी तिच्यावर चिडली. नाही गं बाई. त्या खिडकीला हात लावलेला मला चालत नाही, एवढंच. ती खिडकी मी रागाने पाडली आहे, आणि हा राग अजून जिरलेला नाही.

तो उन्हाळा जुई पोटात होती तेव्हाचा. माझी वंदना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. घर नवं होतं, दोनच वर्षांपूर्वी स्लॅब पडलेला. त्याआधीचं मातीचं, कवेलूचं म्हणजे कौलारू घर फार गार होतं म्हणून मी उसासे टाकणार नाही. कवेलू फेरायला माणूस मिळायचा नाही, माकडं नाचायची, आणि एकदा माझ्या चोळीत विंचू निघाला होता. ज्यांच्या चोळीत विंचू निघाला नाही त्यांनी मातीच्या घराचं कौतुक खुशाल करावं. मला स्लॅब हवा होता. हवा म्हणजे किती? शेजारणीच्या घराचा स्लॅब पडला त्या दिवशी मी जेवले नव्हते.

पण घर कसं असावं हे ठरलं बैठकीत. म्हणजे आमचे हे, त्यांचे चुलतभाऊ, गवंडी आणि मध्ये पानाचा डबा. बैठकीला दोन पंखे, दोन खिडक्या. यांच्या खोलीला एक पंखा. फ्रीज बैठकीतच, पाहुण्यांना दिसावा म्हणून, ऐन पश्चिमेच्या उन्हात, अंगावर मी विणलेलं क्रोशाचं पांघरूण घालून. नवतप्यात फ्रीजला स्वेटर! तो बिचारा दिवसभर कण्हायचा आणि आम्ही म्हणायचो, किती मजबूत मशीन आहे. आणि स्वयंपाकघराला? एक बल्ब, एक मिक्सरचा सॉकेट. पंखा नाही, कारण पंख्याने गॅसची ज्योत विझते. ज्योत विझू नये म्हणून बाईने शिजावं, असा तो हिशेब.

एक खिडकी मात्र होती. तलावाच्या अंगाला. आमच्याकडे गाव वसलं ते तलाव खोदून मगच वसलं. तलावाच्या पाळीवरून, बांधावरून येणारा वारा ज्या घरात शिरतो ते घर नशिबाचं. गवंड्याने चौकटही आणून ठेवली होती. ती नको म्हणणारी कोण? मीच. मला त्या भिंतीवर स्टीलची मांडणी लावायची होती. वर ताटं उभी, खाली वाट्या, मध्ये पेले उतरत्या क्रमाने, देवळातल्या घंटांसारखे. वंदनाच्या लग्नात वऱ्हाडातल्या बायकांनी स्वयंपाकघरात डोकावावं आणि गप्प व्हावं. त्या डोकावल्या. गप्पही झाल्या. त्यांना आत काही दिसलंच नव्हतं. अंधार होता. मग मी बल्ब लावला, आणि तेव्हापासून तो बल्ब सकाळपासून रात्रीपर्यंत जळत राहिला. चौकट गेली गोठ्यात. तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या.

मग यायचं बिल. हे बैठकीत पंख्याखाली बसून, चष्मा नाकावर ओढून ते असं वाचायचे, जणू मला शिक्षाच सुनावत आहेत.

"का करून राहिल्या तुम्ही बाया घरात? हे पाहा बिल!"

"का करून राहिलो? सैंपाक."

"दिवसा बल्ब काऊन लागते?"

"दिवसा पोळी दिसत नाही म्हणून."

"अंदाजानं लाटत जा."

अंदाजानं लाटत जा! एवढी वर्षं झाली, हे वाक्य आठवलं की माझ्या हातातलं लाटणं आजही उचललं जातं. वीज खाल्ली कोणी? स्वेटर घातलेल्या फ्रीजने, क्रिकेट पाहत बसलेल्या टीव्हीने, रिकाम्या बैठकीत फिरत राहिलेल्या पंख्यांनी. आणि बंद करायला सांगितलं काय, तर माझा बल्ब. जुईच्या शाळेत सुट्टीआधी वीज वाचवाचं चित्र काढायला सांगितलं होतं. तिने काढलं, चांगलं काढलं. पण बटण बंद करणारी कोण, तर साडीतली आई. मी विचारलं, बाबा कुठं आहेत? ती म्हणाली, बाबा सोफ्यावर बसलेत, ते चित्रात मावले नाहीत. मी त्या पोरीला कुल्फी घेऊन दिली.

तर कुलर. तो आणला वंदनाच्या नावाने. पोटुशीला ऊन लागू नये म्हणून. आणि ठेवला बैठकीत. पाणी भरायला सोपं पडतं, नळ जवळ आहे, असं हे म्हणाले. वंदनाची खोली आत, स्वयंपाकघराला लागून, स्लॅबच्या ऐन तापत्या कोपऱ्यात. आता कळलं ना, मी फटींत चिंध्या का कोंबल्या ते? बैठकीतली थंडी बाहेर सांडली नाही तर वाट काढत काढत माझ्या लेकीपर्यंत जाईल, अशी आशा होती. कुलर उचलून तिच्या खोलीत न्यावा हे मला सुचलंच नाही. खरं सांगते, सुचलं नाही. एवढी वर्षं ज्या घरात थंड पाणीसुद्धा आधी बैठकीत जातं, तिथं वाराही तिथूनच वाटला जाणार असं मी धरून चालले होते. याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. यांचा येतो त्यापेक्षाही.

त्यात भारनियमन. ऐन दुपारी लाईन गेली की कुलर थांबायचा आणि बंद घरातली सगळी ओल वाफ होऊन उठायची. एका दुपारी वंदना घमेल्यात पाय सोडून बसली होती. पाय सुजलेले, ओठ पांढरे. "आई, श्वास कोंडते," म्हणाली, आणि भिंतीला टेकली ती मला नीट दिसेना, इतका तिथं अंधार. चिंध्या ओढून काढल्या, दारं उघडली, कणीक खरवडली. बाहेरून आगीचा झोत आत आला. उघडावं तरी मरण, लावावं तरी मरण.

संध्याकाळी गोंदियाहून तिच्या सासूचा फोन. विहीणबाईंचं बोलणं म्हणजे अर्धं मराठी, अर्धं हिंदी आणि पूर्ण हुकूम.

"विहीणबाई, पोरीले गर्मीत ठेवू नका. आमच्याकडे एसी आहे. परसों मी खुद येते गाडी घेऊन. सामान बांधून ठेवा."

पहिलं बाळंतपण माहेरी. लेक उकाड्याने परत गेली, असं गाव बोललं असतं, तेही मी सहन केलं असतं. तिचा जीव मोठा. मी सामान बांधायलाही लागले. वंदनाने भिंतीकडे तोंड केलं आणि हळूच म्हणाली, "मले नेऊ देऊ नको, आई."

"काऊन गं? तिथं एसी आहे."

"एसी बैठकीच्या बाजूच्या खोलीत आहे. तिथं सासरे आणि पाहुणे बसतात. मी जाईन आणि सैंपाकघरातच राहीन."

मी त्यांच्या घरी दोनदा गेले होते. काळा चकचकीत ओटा पाहिला होता, जळले होते. विहीणबाई पदर गळ्याभोवती गुंडाळून पुन्हा पुन्हा मान पुसत होत्या, तेही पाहिलं होतं. पण तेव्हा मला फक्त ओटा दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे धानाच्या पाण्यासाठी नहराकडे गेले. इटियाडोह धरणाचं पाणी आलं की नाही ते पाहायला. मी गोठ्यात गेले आणि सब्बल घेऊन आले. लोखंडाची लांब, टोकदार, विहिरीचे दगड उचकटायची. राग आल्यावर माणूस काय करतो, ते मला त्या दिवशी कळलं. राग आल्यावर माणूस आधी भांडी उतरवतो. एकेक ताट, एकेक वाटी, पेले मोठ्यातून लहान. पोचा पडू नये म्हणून खाली गोधडी अंथरली. वंदना दारात उभी राहून पाहत होती. तिला वाटलं, आई साफसफाई करते आहे. मग मी मांडणी ओढून काढली, पदर खोचला आणि भिंतीवर पहिला घाव घातला.

भिंत फोडणं चटणी वाटण्यासारखं असतं. आधी हाताला झिणझिण्या, मग लय. एकेका घावाला मी एकेक गोष्ट म्हणत होते, मोठ्याने. अंदाजानं लाटत जा. धाड. नळ जवळ आहे. धाड. ज्योत विझते. धाड. पाहुण्यांना दिसावा. धाड. आणि मध्येच, मांडणी कशी छान दिसेल. धाड, धाड. सिमेंट तोंडात गेलं. थुंकले. पुन्हा.

हे परत आले ते चपला न काढताच आत धावले.

"काऊन फोडून राहिली? येडी झाली का?"

"बिल कमी करून राहिली."

"अगं, खिडकी नको म्हणून तूच सांगितलं होतंस!"

"मीच सांगितलं होतं. म्हणून मीच फोडून राहिली. सरका."

ते सरकले. लग्नाला तीस वर्षं झाली होती, मी सरका म्हटल्यावर ते सरकल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

आणि मग एक वीट पलीकडे पडली. ताटाएवढा उजेड आला आणि बरोबर माझ्या पायाशी पडला. त्याच्या मागोमाग वारा. तलाव अर्ध्यावर आला होता, तरी पाण्यावरून आलेला वारा वेगळा कळतो. त्याला चिखलाचा, शिंगाड्याच्या वेलीचा, म्हशींचा वास होता. मी तिथंच सिमेंटच्या ढिगावर बसले. वंदना उठून आली, हात वर केला आणि तो बल्ब बंद केला. दोन वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघरात दिवस झाला.

त्यानंतर यांनाही सुरसुरी आली. पुरुषाला भिंत फोडता आली नाही की तो छतावर चढतो. मांडव घालण्यात यांचा हात धरणारा गावात कोणी नाही. त्यांनी स्लॅबवर बांबू उभे केले, वर धानाची तणस म्हणजे पेंढा अंथरला, त्याच्यावर जांभळीच्या फांद्या. पण त्याआधी मी आणि वंदनाच्या दोन मैत्रिणींनी झाडू घेऊन अख्खा स्लॅब चुन्याने पांढराशुभ्र केला. फ्रीजचा स्वेटर उतरवला आणि त्याला ओढत आतल्या गार कोपऱ्यात नेलं. कुलर वंदनाच्या खोलीच्या खिडकीबाहेर बसला आणि स्वयंपाकघराचं ते भगदाड त्याच्या वाऱ्याला बाहेर जायची वाट झालं. गोठ्यातल्या चौकटीवरच्या कोंबड्या हाकलल्या, चौकट भगदाडात पाचरी ठोकून बसवली आणि तिच्यावर वाळ्याची ओली ताटी टांगली. लाईन असो, नसो.

संध्याकाळी यांचे चुलतभाऊ फुगलेल्या तोंडाने दारात.

"वहिनी, आमी मेलो का? घरावर मांडव पडला न आमाले पत्रिका नाही! कोनाचं लगन होय?"

"लगन कोणाचं नाही, भाऊजी. सूर्याले चुना लावून राहिलो."

ते चहा न घेता गेले. पुढे वर्षभर बोलले नाहीत. पुढच्या नवतप्यात मात्र त्यांच्याही घरावर मांडव होता, आणि मी मुद्दाम जाऊन विचारलं, "पत्रिका नाही आली, भाऊजी?"

आता त्या खिडकीला जाळी आहे, रंग आहे, बाहेर कढीपत्ता आहे. बिल उतरलं ते पुन्हा तसं चढलं नाही. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहा पिताना हे आजही लोकांना सांगतात, "आम्ही ना, डोकं लावून बिल कमी केलं." आम्ही! मी बाजूला उभी असले तर नुसती खोकते. ते लगेच म्हणतात, "म्हणजे हिनं." मग मी खोकायची थांबते. पण मला विचाराल तर बिल हे निमित्त. वीज वाचवायची तर कुठलं बटण बंद करायचं ते नंतर पाहा. आधी हे पाहा की घरातला वारा कोणाला मिळतो आणि उष्णता कोणाच्या वाट्याला येते. जिथं वारा अडवला, तिथंच बल्ब जळत असतो, आणि शिव्या त्या बल्बखाली उभी असलेलीला.

जुईला हे सगळं सांगितलं. तिने खिडकी उघडली, आणि म्हणाली, "मग तू एसीवाल्या आजीला काय सांगितलंस?"

मी काही सांगितलं नाही, बाळा. त्याच बोलल्या.

ठरल्याप्रमाणे त्या आल्या, भर दुपारी, जीपमधून. उतरताच वर मांडवाकडे पाहिलं, कपाळाला आठी. लाईन गेलेली. बैठकीत त्यांच्यासोबत आलेले व्याही आणि आमचे हे वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते. मी विहीणबाईंना सरळ स्वयंपाकघरात नेलं. वंदना खिडकीशी पाटावर बसून तांदूळ निवडत होती, केस वाऱ्याने उडत होते, ओठांना रंग आला होता. विहीणबाई बोलायला आल्या होत्या, पण आधी खाली बसल्या. पदराची पिन काढली. पन्ह्याचा गडवा हातात तसाच राहिला. ओल्या ताटीतून वारा येत होता, भगदाडाच्या कडेच्या विटा अजून दात विचकत होत्या, आणि त्या धान्याच्या कोठीला डोकं टेकवून डोळे मिटून राहिल्या. मला वाटलं, झोपल्या. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"हे कोणी फोडलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"खुद?"

"हो. मांडणी होती इथं. दिवसा बल्ब लागायचा."

मग डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाल्या, "आमच्या एसीचा मागचा डब्बा आहे ना, तो माझ्या सैंपाकघराच्या खिडकीत टांगला आहे. सगळी गरम हवा आत. सात वर्षं झाली, ती खिडकी मी उघडली नाही."

बैठकीतून व्याही ओरडले, "अहो, सामान घ्या, निघू या!" वंदनाने माझ्याकडे पाहिलं. मी विहीणबाईंकडे. त्या उठल्या, पदर खोचला, वंदनाच्या डोक्यावर हात ठेवला, दाराशी टेकवून ठेवलेल्या सब्बलीवरून एक बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या,

"पोरगी राहू द्या इथंच, विहीणबाई. फक्त ही सब्बल तेवढी माझ्या गाडीत ठेवायला सांगा."